सोमवारची गोळी

आमच्या शेजारच्या काकूंची अशी समजूत आहे की मी सोमवार धरते. त्या दर सोमवारी सकाळी रविवारचा पेपर परत द्यायला येतात आणि नेमकी त्याच वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने फुली मारत असते. समोर पोह्यांची रिकामी बशी असते, तरीही. पोहे खाऊन कसला आलाय सोमवार, हे त्यांनी आजवर सौजन्याने विचारलेलं नाही.

ही फुली उपासाची नाही, औषधाची आहे. मेथोट्रेक्सेट नावाच्या औषधाच्या २.५ मिलिग्रॅमच्या सहा बारीक पिवळ्या गोळ्या, आठवड्यातून एकदाच. मग बुधवारी फॉलिक ॲसिडची एक गोळी. तेहतीस वर्षं खडू धरलेल्या माझ्या बोटांना २०१३ साली ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसने, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात त्याने धरलं, तेव्हापासूनचा हा नेम. त्या वर्षी सकाळी मूठ मिटत नव्हती, निऱ्या घेता येत नव्हत्या, कणीक तर दुसऱ्यानेच मळायची. आज हा मजकूर मी माझ्याच बोटांनी टाइप करते आहे, यात त्या सहा गोळ्यांचा वाटा फार मोठा आहे.

आणि फुली अशासाठी की या वयात 'घेतली की नाही' असा घोळ होतो. एखाद्या आठवड्याला गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. पण घेतलेलीच गोळी विसरून पुन्हा घेतली, तर कोसळू शकतं. हे मला पूर्वी नुसतं माहीत होतं. कळलं ते आमच्या आक्कांमुळे.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. कराड तालुक्यात आमचं गाव, तिथे त्या असतात. माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या, शाळा चौथीपर्यंत, पण उसाचा हिशेब तोंडी. २०२४ च्या गौरींना मी गावी गेले होते. गौरीजेवणाच्या दिवशी आक्का पानावर बसल्या आणि पुरणपोळीचा घास तोंडात घालून तशाच थांबल्या. डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "आक्का, काय झालं?" तर म्हणाल्या, "उष्णता झालीया गं. तोंड आलंय. चार दिस झाले, पाणीसुदीक झोंबतंय." घरात गुलकंद झाला होता, सब्जा झाला होता, तोंडाला लोणी लावून झालं होतं. अंगात बारीक ताप होता, आणि हातावर जागोजागी काळे-निळे डाग दिसत होते.

मी सहज विचारलं, सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? त्यांनी पिशवी पुढे केली. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्याही मनगटांना सूज आली होती आणि शहरातल्या एका डॉक्टरांनी आमवाताचं निदान केलं होतं, एवढं मला ठाऊक होतं. पिशवीतून माझीच ओळखीची गोळी निघाली. मेथोट्रेक्सेट, पण ७.५ मिलिग्रॅमची. दहाच्या पाकिटात एक शिल्लक.

"आक्का, ही कधी घेता?"

"रोज. रातच्याला. एक दिस चुकवली न्हाई बघ."

त्या 'एक दिस चुकवली न्हाई'मध्ये जो अभिमान होता, तो आठवला की अजून पोटात कालवतं. नऊ दिवसांत त्यांनी नऊ आठवड्यांचं औषध घेतलं होतं.

तशाच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. पांढऱ्या पेशी हजाराच्या आत आल्या होत्या, प्लेटलेटही घसरलेल्या. बारा दिवस त्या तिथे होत्या. गोळी तर बंद झालीच, शिवाय ल्युकोव्होरिन नावाची इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक्स. आक्का वाचल्या. अशा चुकीने दगावणारी माणसं असतात, हे तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं.

आता चूक कुणाची? माझा पुतण्या चिठ्ठी घेऊन भांडायला निघाला होता. पण चिठ्ठीवर इंग्रजीत बरोबर लिहिलेलं होतं, आठवड्यातून एकदा. डॉक्टरांनी तोंडीही सांगितलं होतं, 'मंगळवारी घ्यायची'. आक्कांनी ते ऐकलं होतं. पहिले दोन मंगळवार पाळलेही होते. मग त्यांनी विचार केला. त्यांचेच शब्द सांगते: "आठवड्याला येक गोळी घिऊन कसला गुण येतोय? बीपीची रोज, साखरंची रोज, मग हीच तेवढी सवाशीण हाय व्हय? म्हटलं डाक्टर ईसरला आसंल." म्हणून नवं पाकीट आणल्यावर त्यांनी ती रोज सुरू केली.

हा अडाणीपणा नव्हे, हा विचार आहे. हाती असलेल्या माहितीवर केलेला अगदी सरळ विचार. माहितीच अर्धी होती. 'कधी घ्यायची' हे सांगितलं होतं, 'का' हे सांगितलंच नव्हतं. आणि या औषधाचा गुण दिसायला दीड-दोन महिने, कधी तीन महिनेही लागतात, हेही कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरं सांगू? ते 'का' मलाही धड माहीत नव्हतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेली, शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई. माझी एक भाची पुण्यात कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. दवाखान्यातून परतल्यावर मी तिला फोनवर धरलं आणि म्हटलं, मला पाचवीतली मुलगी समजून सांग. चार-पाच रविवार गेले. तिने सांगितलेलं, आणि नंतर मी वाचून ताडून घेतलेलं, इथे मांडते.

आपल्या अंगात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या लसिका पेशी एरवी स्वस्थ पडून असतात. शत्रू ओळखला की त्यांतली एकेक पेशी दुभंगते, दोनाच्या चार, चाराच्या आठ, अशी काही दिवसांत हजारोंची फौज होते. ताप आल्यावर गळ्यात किंवा काखेत अवधाण येतं, त्या गाठी म्हणजे ही भरती. काम झालं की फौज मोडायची असते. आमवातात या फौजेची ओळखण्यात चूक होते आणि ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. शत्रू कधी संपतच नाही, कारण शत्रू म्हणजे आपणच. म्हणून फौजही मोडत नाही. अस्तर सुजतं, जाड होतं, आणि शेवटी शेजारची कूर्चा आणि हाडही कुरतडतं.

आता एका पेशीच्या दोन व्हायच्या, तर तिच्यातला सगळा मजकूर नक्कल करावा लागतो. डीएनएचा हा ग्रंथ चार अक्षरांत लिहिलेला आहे आणि त्याची एक प्रत सुमारे ३०० कोटी अक्षर-जोड्यांची. पेशीत अशा दोन प्रती असतात. दर दुभंगाला एवढं सगळं पुन्हा लिहायचं! त्याला अक्षरांचा साठा लागतो, आणि तो साठा तयार करणारे कारागीर म्हणजे एन्झाइम्स. आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना 'विकर' म्हटलेलं असे. मुलं हमखास 'विकार' लिहायची आणि विज्ञानाच्या बाई कपाळाला हात लावायच्या. विकर आणि विकार यांत एका कान्याचा फरक! तेव्हा आम्ही हसायचो. आता वाटतं, मुलं फार चुकत नव्हती. या आजारात गोष्ट खरंच काना-मात्रेवर येऊन ठेपते. कशी ते पाहा.

चार अक्षरांपैकी थायमिन हे अक्षर तयार करायला फोलेट लागतं. हे जीवनसत्त्व, पालेभाज्यांत असतं. काम करताना फोलेट 'रिकामं' होतं, आणि त्याला पुन्हा भरून कामावर धाडणारं एक विकर आहे, डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. नाव लांबलचक आहे, पण काम पाणक्याचं. रिकामा हंडा घ्यायचा, भरून परत द्यायचा. पाणक्या थांबला की हंडे रिकामे, अक्षर नाही, नक्कल नाही, आणि पेशी दुभंगत नाही.

मेथोट्रेक्सेट याच पाणक्याला अडवतं. आणि कसं, तर फोलेटचं सोंग घेऊन. फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेट यांची चित्रं भाचीने मला शेजारी शेजारी ठेवून दाखवली. दोन ठिकाणी बारीकसा बदल, बाकी सगळं सारखं. एखाद्या शब्दात ऱ्हस्वाचं दीर्घ व्हावं आणि अर्थच बदलावा, तसं. पण विकर फसतं, आणि आपल्या खऱ्या फोलेटपेक्षा या तोतयाला हजार पटींच्या आसपास घट्ट धरून बसतं.

तर ही एक बाजू. पण एवढंच असतं, तर बुधवारी फॉलिक ॲसिड घेतल्यावर सोमवारचं औषध पुसून जायला हवं होतं. तसं होत नाही. आठवड्याला एकदा अशा थोड्या मात्रेत मेथोट्रेक्सेट आणखी एका विकराला अडवतं, त्यामुळे पेशींबाहेर ॲडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो, आणि चवताळलेल्या पेशींना तो शांत करतो. आमवातातला बराचसा गुण या दुसऱ्या वाटेने येतो, असं मानलं जातं. म्हणजे कर्करोगात जे औषध मोठ्या मात्रेत पेशी मारायला वापरतात, तेच इथे थोड्या मात्रेत त्यांची समजूत घालायला वापरतात. औषध एक, मात्रेप्रमाणे स्वभाव दोन.

आता रोज घेतलं तर काय होतं? मेथोट्रेक्सेट पेशीत शिरलं की तिथे शेपटी लावून मुक्काम करतं, आठवडेच्या आठवडे. आणि विकर काही फक्त रोगट पेशींत नसतं. हाडांतल्या मज्जेत, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात रोज नव्या पेशी घडत असतात, त्यांनाही हाच पाणक्या लागतो. आठवड्यातून एक दिवस त्याला अडवलं, तर उरलेल्या सहा दिवसांत या चांगल्या पेशी सावरतात. रोज अडवलं, तर सावरायला दिवसच मिळत नाही. तोंड येतं, पांढऱ्या पेशी संपतात, जखम झाल्याशिवाय अंगावर डाग पडतात. आक्कांची 'उष्णता' ती हीच. आणि दवाखान्यात दिलेलं ल्युकोव्होरिन म्हणजे आधीच भरलेला हंडा. त्याला त्या अडलेल्या पाणक्याची गरजच पडत नाही. हे कळल्यावर मला उतारा पाठ करावा लागला नाही, तो समजला. पाठांतर आणि समज यांतला फरक शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मी इतिहासही शिकवला, त्यामुळे या गोळीची कुळकथा शोधल्याशिवाय राहवलं नाही. आणि ती सापडली कुठे, तर मुंबईत!

१९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईला आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक विचित्र पंडुरोग होत असे, त्याचा त्या शोध घेत होत्या. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नुसत्याच कमी नव्हत्या, तर नको तेवढ्या मोठ्या आणि कच्च्या होत्या. विल्सबाईंनी हाफकिन संस्थेत काम केलं, त्या बायका काय खातात ते पाहिलं, आणि शेवटी यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन त्यांचा पंडुरोग बरा केला. १९३१ साली तो निबंध प्रसिद्ध झाला. अर्कातला तो अज्ञात गुण म्हणजेच फोलेट. पुढे १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला, आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव पडलं फॉलिक ॲसिड.

त्यानंतर गोष्टीत येतात यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचे, १८९५ चा जन्म. त्यांच्या घरात संग्रहणीसारख्या एका आजाराने भाऊ गेले होते, आणि त्या आजारावर फॉलिक ॲसिडच गुणकारी ठरायचं होतं. अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार झालं, आणि पाठोपाठ त्याची तोतया रूपंही, अमिनोप्टेरिन आणि मेथोट्रेक्सेट. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ साली अमिनोप्टेरिनने लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग काही काळ तरी मागे हटतो हे दाखवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. १९५१ मध्ये ग्युबनर नावाच्या डॉक्टरांनी अमिनोप्टेरिन आमवातात वापरून पाहिलं. पण या वापराकडे पुढे बरीच वर्षं कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९८५ मध्ये नीट चाचणी प्रसिद्ध झाली, आणि १९८८ साली अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला मान्यता मिळाली. माझ्या आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्या त्या वर्षी हे औषध होतं, पण आमवातासाठी ते कुणी देत नव्हतं.

हे वाचताना मी एका जागी थबकले. गिरणीतल्या बायकांच्या रक्तात जे विल्सबाईंना दिसलं आणि आक्कांच्या मज्जेत जे झालं, त्याचं मूळ एकच. फोलेटचं काम थांबणं. गिरणीतल्या बाईला ते दारिद्र्याने मिळालं नव्हतं, आक्कांनी ते नकळत आपल्या हाताने थांबवलं. आणि मला त्याच थांबण्यातून, मोजून-मापून दिल्यामुळे, माझी बोटं परत मिळाली. तीच गोष्ट, तीन बायका. फरक फक्त मापाचा.

आता माझं मत सांगते, ज्यासाठी एवढं लांबण लावलं.

पहिली गोष्ट. 'प्रतिकारशक्ती वाढवा' हा मंत्र २०२० च्या करोनापासून आपल्या घराघरात शिरला आहे. काढे, चूर्णं, सरबतं, बिस्किटंसुद्धा प्रतिकारशक्ती वाढवणारी! मीही त्या काळात आक्कांना गुळवेलीचा काढा सुचवला होता, हे कबूल करते. पण शक्ती ही काही नुसती वाढवत नेण्याची वस्तू नाही. १९७२ साली असं लक्षात आलं की ज्या काही बाळांमध्ये जन्मतः प्रतिकारशक्तीच नसते, त्यांच्यात ॲडेनोसिन डिअमिनेज हे एक विकर नसतं, आणि तेवढ्या एका उणिवेने लसिका पेशी जगतच नाहीत. हे एक टोक. आम्ही आमवातवाले दुसऱ्या टोकाचे. आमच्यात शक्ती कमी नाही, लगाम कमी आहे. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं मेरी ब्रुंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना, आणि ते अशाच लगामाच्या शोधाबद्दल, फौजेला आवरणाऱ्या पेशींबद्दल. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतल्या काहींमध्ये शरीराने आपल्याच यकृतावर हल्ला केल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही सांगायला हवं. पण वाद बाजूला ठेवला तरी ज्याची फौज आधीच बिथरलेली आहे, त्याने आणखी सैनिक भरती करायचं औषध डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, एवढं तर साध्या व्यवहारज्ञानात बसतं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने मोठी. ही सगळी औषधं अशीच मापाची आहेत. लेफ्लुनोमाइड दुसऱ्या विकराला अडवून दुसरी अक्षरं तोडतं. मायकोफेनोलेट तिसऱ्याला. टोफासिटिनिब, ज्याला २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली, ते पेशीच्या आत 'वाढा' हा निरोप पोचवणाऱ्या विकरालाच गप्प करतं. आझाथायोप्रिनची तऱ्हा निराळी. ते पचवून निकामी करणारी विकरं काही माणसांत जन्मतःच दुबळी असतात, आणि त्यांतला एक प्रकार आपल्या आशियातल्या लोकांत युरोपातल्या लोकांपेक्षा जास्त आढळतो. म्हणजे एकाचं माप दुसऱ्याला चालतच नाही. जिथे माप हेच औषध आहे, तिथे ते माप का, हे सांगणं हाही औषधाचाच भाग आहे, असं माझं म्हणणं आहे. ते न सांगणं म्हणजे अर्धी गोळी देण्यासारखं.

डॉक्टर म्हणतील, बाई, बाहेर शंभर पेशंट बसलेत, विकर कधी शिकवू? बरोबर आहे. साठ-सत्तर मुलांचा वर्ग मीही घेतला आहे. पण म्हणूनच मला माहीत आहे की एक चांगलं वाक्य वीस मिनिटांचं काम करतं. 'आजी, ही गोळी वाढ थांबवते. सहा दिवस अंगाला सावरायला लागतात. रोज घेतली तर जिवावर बेतेल. गुण यायला दोन महिने लागतील.' चार वाक्यं. अर्धं मिनिट. शिवाय वार मराठीत, मोठ्या अक्षरांत, पाकिटावर लिहावा. औषधाच्या दुकानदारानेही एकदा विचारावं, 'कुठल्या वारी घेता?' एका वेळी महिन्याच्याच गोळ्या द्याव्यात. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली, अशाच चुकांनी माणसं दगावल्यामुळे, या गोळ्यांच्या पाकिटांवर आठवड्यातून एकदाच घेण्याची ठळक सूचना हवी असं सांगितलं. म्हणजे चूक फक्त आमच्या आक्कांची नाही. तिथल्या शिकल्या-सवरलेल्यांचीही होते.

कुणी म्हणेल, जास्त सांगितलं तर माणसं घाबरून औषधच सोडतील. ही भीती खोटी नाही. आक्कांनीही दवाखान्यातून आल्यावर 'ते इख घरात नको' असं म्हणून पाकीट चुलीत घातलं होतं. पण त्यांनी औषध सोडलं ते कळल्यामुळे नव्हे, पोळल्यामुळे. कळणं नंतर आलं.

दिवाळीत मी पुन्हा गावी गेले, तेव्हा पाणक्याची गोष्ट त्यांना सांगितली. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "म्हंजी उसाला युरिया जादा झाल्यावानी. पाला माजतो, ऊस लोळतो." मी म्हटलं, हो, तुमच्या सांध्यात तसंच माजलंय, आणि गोळी तो माज उतरवते. मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाल्या, "आन् मी काय केलं, एकादशी रोज धरली. एकादशी पंधरा दिसांनी येती म्हून माणूस तरतो. रोज धरली तर टिकंल का? आसं आदी सांगाया काय झालं हुतं?"

चार रविवार भाचीने मला जे समजावलं, ते आक्कांनी एका वाक्यात बांधलं. सोमवारी उपास, बुधवारी फॉलिक ॲसिडचं पारणं. मला आयुष्यभर मराठी शिकवूनही हे सुचलं नव्हतं.

पुढे डॉक्टरांनी त्यांची किडनी आणि रक्त तपासून, कमी मात्रेत तीच गोळी पुन्हा सुरू केली. दर मंगळवारी. रक्ततपासणी ठरल्या दिवशी होते. दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी डॉक्टरकडे गेलं की आधी पाकीट दाखवायचं, हेही आम्ही ठरवलं आहे. कारण लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या को-ट्रायमॉक्सॅझोलमधला एक घटक जंतूंच्या याच पाणक्याला अडवतो, आणि मेथोट्रेक्सेटबरोबर घेतला तर मज्जेवर दुहेरी मार बसू शकतो. वाचकांपैकी कुणी ही गोळी घेत असेल, तर माझं वाचून काहीही कमी-जास्त करू नका. फक्त आपल्या डॉक्टरांना पुढच्या वेळी एक प्रश्न विचारा: 'का?' चांगल्या डॉक्टरांना तो आवडतो, असा माझा अनुभव आहे.

आक्कांच्या घरी आता भिंतीवर कॅलेंडर लटकतंय. मंगळवारी त्या कोळशाने फुली मारतात. गेल्या संक्रांतीला त्यांनी स्वतः थापलेल्या तिळाच्या वड्या मला पाठवल्या. थोड्या वाकड्या होत्या, पण आकार त्यांच्याच बोटांचा होता.